ट्रॅव्हल ट्रेलरच्या पातळ भिंतींवर वस्तू बसवताना

ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराच्या, आतल्या भिंतीवर टॉवेलची दांडी, मसाल्यांची मांडणी किंवा टीव्हीचा ब्रॅकेट बसवायला निघालेल्या माणसाला घरच्या सवयी उपयोगी पडत नाहीत, उलट नडतात. पुण्या-मुंबईत विटेच्या भिंतीत हॅमर ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी ठोकली की काम झाले. अमेरिकेतल्या घरात अर्ध्या इंचाचे ड्रायवॉल (जिप्समचा पत्रा) आणि त्यामागे बहुधा १६ इंचांवर एकेक लाकडी स्टड, म्हणजे सांगाड्याचा उभा खांब, असतो, हे गृहीत धरून चालता येते. ट्रेलरमध्ये यांपैकी काहीच नसते. हाताला जी भिंत लागते ते साधारण १/८ इंच, म्हणजे ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीचे लुआन प्लायवूड असते, त्यावर छापील विनाइलचा कागद चिकटवलेला असतो आणि मागे पोकळी, ग्लासवूल किंवा थर्मोकोल असतो. त्यातच ही भिंत रस्त्यावरून धावते. घरात दहा वर्षे निमूट टिकणारा स्क्रू ट्रेलरमध्ये एका खडबडीत रस्त्यावर सैल होतो. त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच विचार आहे: वस्तूचे वजन त्या पातळ पापुद्र्यावर सोडू नये, ते सांगाड्यापर्यंत न्यावे, आणि ते जमत नसेल तर जास्तीत जास्त क्षेत्रफळावर पसरवावे.

भिंत कोणत्या जातीची आहे

अमेरिकेतले बहुतांश ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांतल्या कारखान्यांतून येतात, आणि त्यांच्या बांधणीच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पहिल्या पद्धतीत सुमारे दीड इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, पट्ट्यांच्या मध्ये ग्लासवूल, आतून लुआन आणि बाहेरून पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. दुसऱ्या पद्धतीत ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, नळ्यांमधल्या जागेत थर्मोकोलचे ठोकळे आणि दोन्ही बाजूंना लुआन किंवा ॲझडेलसारखा न कुजणारा संमिश्र पत्रा, असे सगळे थर दाबाखाली एकमेकांना चिकटवून अखंड भिंत तयार केली जाते. तिच्या बाहेरच्या अंगाला गुळगुळीत फायबरग्लास असतो. म्हणजे ट्रेलर बाहेरून पन्हळी दिसत असेल तर आत लाकूड आहे आणि गुळगुळीत दिसत असेल तर बहुधा ॲल्युमिनियम आहे, असा पहिला अंदाज बांधता येतो.

न्हाणीघर आणि झोपायची जागा यांच्यामधल्या आतल्या भिंती मात्र दोन्ही प्रकारच्या ट्रेलरमध्ये साधारण सारख्याच असतात. बारीक लाकडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना लुआन ठोकलेले असते, एकूण जाडी इंच-दीड इंच असते आणि मध्ये निव्वळ पोकळी असते. या भिंतीत अंदाजाने दोन इंची स्क्रू मारला तर त्याचे टोक पलीकडे बिछान्याच्या उशाशी निघते. ओहायोत तयार होणाऱ्या एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरची आतली बाजू ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असल्यामुळे तिचे काम रिव्हेटचे असते आणि त्याची रीत वेगळी. ती येथे धरलेली नाही.

जागा नक्की करण्यापूर्वी भिंत तळहाताने दाबून पाहावी. ती मऊ लागली, आत दबली किंवा कागदावर फुगवटा अथवा तपकिरी डाग दिसला, तर पाणी आत शिरले आहे असे समजावे आणि काम तेथेच थांबवून आधी गळती शोधावी. कुजलेल्या लुआनवर कोणताही स्क्रू, नट किंवा सरस टिकत नाही.

भिंतीऐवजी दुसरे काही सापडते का

माझ्या मते या कामातला सर्वांत दुर्लक्षित टप्पा हा आहे. ट्रेलरमधल्या कपाटांच्या दर्शनी चौकटी पुष्कळदा सुमारे पाऊण इंच जाडीच्या खऱ्या लाकडाच्या असतात, आणि हूक, कागदी टॉवेलची दांडी, पोळपाट-लाटणे टांगायची खुंटी यांसाठी त्या भिंतीपेक्षा कितीतरी भरवशाच्या असतात. कपाटाच्या बाजूच्या फळ्यांवर मात्र विसंबू नये. त्या अनेकदा भिंतीइतक्याच पातळ असतात. दरवाजाच्या चौकटी आणि पलंगाखालच्या पेटीचा सांगाडा यांचाही विचार करावा. पाच वस्तूंपैकी तीन अशा ठिकाणी बसल्या, तर भिंतीत पाडायची भोके तेवढीच कमी होतात.

ज्या ट्रेलरला बाहेर सरकणारी खोली, म्हणजे स्लाइड-आउट आहे, त्यात ती पूर्ण आत घेऊन मगच जागा ठरवावी. उघड्या खोलीत डोळ्यांना मोकळी वाटणारी भिंत स्लाइड आत आल्यावर तिच्या कडेपासून जेमतेम दोन बोटांवर येते, आणि तेथे बसवलेला हूक एक तर मोडतो किंवा स्लाइडच्या कडेवर ओरखडा काढतो. स्लाइड बंद असताना मोजलेले अंतर कागदावर लिहून ठेवावे आणि वस्तू भिंतीपासून किती पुढे येते ते त्याच्याशी ताडून पाहावे.

वजन किती, आणि ते कोणत्या दिशेने ओढते

भिंतीला सपाट टेकलेली वस्तू मुख्यतः खाली ओढते. हा ताण स्क्रू आडवा सोसतो आणि पातळ प्लायवूडसुद्धा त्याला बऱ्यापैकी तोंड देते. भिंतीपासून पुढे आलेली वस्तू मात्र वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर उपटते, आणि लुआनची खरी कमजोरी तेथेच आहे. ३२ इंची टीव्ही साधारण ५ किलोचा धरू. तो भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढे येणाऱ्या हातावर टांगला आणि ब्रॅकेटचे वरचे व खालचे स्क्रू एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर असले, तर वरच्या स्क्रूंवर ढोबळ मानाने १० किलोचा उपटणारा ताण येतो. हात घडी करून टीव्ही ८ सेंटिमीटरवर आणला, तर तोच ताण २ किलोवर येतो. हा हिशेब ट्रेलर उभा असतानाचा आहे. खड्ड्यात चाक आदळले की तो क्षणभर कित्येक पटींनी वाढतो, आणि असे आदळणे एका दिवसाच्या प्रवासात शेकडो वेळा होते.

यावरून तीन गट पडतात. किल्ल्या, टोप्या, हलका आरसा यांसारख्या अर्ध्या किलोच्या आतल्या वस्तूंना चिकटपट्टी पुरते. टॉवेलची दांडी, मसाल्यांची मांडणी, लहान शेल्फ यांना सांगाडा किंवा आधारफळी, म्हणजे भिंतीवर कायमची बसवलेली फळी, लागते. दांडी स्वतः हलकी असली तरी हिंदकळणाऱ्या न्हाणीघरात माणूस तोल सावरायला तिलाच धरतो, म्हणून ती दुसऱ्या गटात. टीव्ही आणि मोठी शेल्फे तिसऱ्या गटात येतात. तेथे सांगाडा आणि आधारफळी दोन्ही हवेत. भिंतीवर जाणारे प्रत्येक किलो ट्रेलरच्या भारमर्यादेतून वजा होते, हेही ध्यानात असावे. ही मर्यादा दरवाजाजवळच्या पिवळ्या स्टिकरवर पौंड आणि किलो दोन्हींत छापलेली असते.

सांगाडा शोधणे

लाकडी सांगाड्यात लुआन पट्ट्यांवर स्टेपलने ठोकलेले असते, त्यामुळे एक छोटे पण जोरदार निओडिमियम लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून भिंतीवरून हळूहळू आडवे फिरवावे. ते जेथे अडकते तेथे पेन्सिलने बारीक खूण करावी. खुणा एकाखाली एक एका रेषेत आल्या की पट्टी सापडली. लुआनचे पत्रे ४ फूट रुंदीचे असतात आणि त्यांच्या सांध्यावर विनाइलची उभी पट्टी असते. त्या सांध्यामागे बहुधा लाकूड असते, म्हणून शोधाची सुरुवात तेथून करणे सोयीचे. पुढची पट्टी १६ इंचांवर असेलच असे नाही. ट्रेलरमध्ये पट्ट्या खिडक्या आणि दारांच्या सोयीने घातलेल्या असतात आणि मधले अंतर जागोजागी बदलते.

ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही. तेथे थंडीची पहाट कामी येते. आत हीटर चालू आणि बाहेर गारठा असताना नळ्या थर्मोकोलपेक्षा फार लवकर उष्णता बाहेर नेतात, त्यामुळे आतल्या भिंतीवर त्यांच्या जागी थंड पट्टे तयार होतात. इन्फ्रारेड थर्मामीटर भिंतीवरून सावकाश आडवा नेला तर आकडा जेथे खाली उतरतो तेथे नळी आहे. थर्मल कॅमेरा मिळाला तर सगळा सांगाडा एका नजरेत दिसतो. फार दमट हवेत या रेषांवर दव धरते आणि उपकरणाचीही गरज राहत नाही. घरासाठी घेतलेला इलेक्ट्रॉनिक स्टड-फाइंडर ड्रायवॉलच्या जाडीसाठी बनवलेला असल्याने ट्रेलरमध्ये पुष्कळदा भलतीच जागा दाखवतो.

कोणत्याही पद्धतीने जागा सापडली तरी शेवटची खात्री १/१६ इंची बिटने, जे भोक पुढे वस्तूखाली झाकले जाणार आहे अशा ठिकाणी करावी. बिट लुआन ओलांडल्याबरोबर आत घसरले तर मागे पोकळी आहे. अडखळून लाकडाचा भुसा किंवा चकचकीत कीस बाहेर आला तर निशाण बरोबर लागले आहे. आतल्या पोकळ भिंतीत पोकळी लागली, तर त्याच भोकातून काटकोनात वाकवलेली बारीक तार आत सारून फिरवावी. ती जेथे अडते तेथवरचे अंतर तारेवर मोजले की चौकटीची कड नेमकी कळते.

भोक पाडण्यापूर्वी वीज

घरात तारा बहुधा स्विचपासून सरळ वर किंवा खाली जातात. ट्रेलरमध्ये त्या भिंतीतून आडव्या, तिरप्या, कशाही गेलेल्या असू शकतात, आणि भिंतच पातळ असल्याने आतल्या पापुद्र्यापासून अगदी जवळ असतात. शिवाय विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात, १२० व्होल्टची एसी आणि १२ व्होल्टची डीसी. म्हणून बाहेरच्या विजेची केबल काढावी, जनरेटर बंद करावा, बॅटरी तोडावी आणि छतावर सौर पॅनल असेल तर त्याचाही स्विच बंद करावा. हे शेवटचे हमखास विसरले जाते. न स्पर्श करता वीज ओळखणारा पेनसारखा टेस्टर फक्त एसी दाखवतो, १२ व्होल्टच्या तारेवर तो मुका राहतो. त्याच तारेत स्क्रू घुसून शॉर्ट झाला तर आगीचा धोका मात्र खराच असतो. भिंतीवरचे दिवे, स्विच, प्लग यांच्या उभ्या आणि आडव्या रेषांत तीन-चार इंचांचे अंतर सोडावे. सिंक, शॉवर आणि गॅसवर चालणाऱ्या उपकरणांच्या मागच्या भिंतीला भोक पाडू नये.

सांगाड्यात थेट स्क्रू

लाकडी पट्टीच्या भिंतीत १/८ इंच लुआन आणि दीड इंच लाकूड, म्हणजे एकूण १ ५/८ इंच जागा मिळते आणि त्यापुढे लगेच बाहेरचा पत्रा लागतो. म्हणून वस्तूच्या पायाची जाडी वजा जाता भिंतीत शिरणारा स्क्रू सव्वा इंचापेक्षा लांब नसावा. ८ नंबरच्या स्क्रूसाठी मऊ लाकडात ७/६४ इंचाचे भोक आधी पाडावे. कागद फाटू नये म्हणून खुणेवर मास्किंग टेप लावावा, बिटवर हव्या त्या खोलीला टेपची गुंडाळी करावी आणि ड्रिल मंद गतीने चालवावे.

ॲल्युमिनियमच्या नळीची जाडी साधारण १/१६ इंच असते, म्हणजे ८ नंबरच्या स्क्रूचा जेमतेम एखादा आटा धातूत बसतो. तेथे शीटमेटल स्क्रूसाठी १/८ इंचाचे भोक पाडावे आणि शेवटचे वेढे ड्रिलने न देता हाताच्या स्क्रूड्रायव्हरने द्यावेत, कारण ड्रिलच्या एका जादा झटक्याने आटे मरतात आणि स्क्रू नुसता गरगर फिरत राहतो. असे झाल्यास भोक मोठे करून रिव्ह-नट बसवावा. तो नळीच्या आतून फुगून पत्र्याला पकडतो आणि त्यात बोल्ट कितीही वेळा काढता-घालता येतो.

आधारफळी: सर्वांत खात्रीचा मार्ग

सांगाडा नेमका हव्या त्या जागी सापडणे हा योग विरळा. त्यावर उपाय म्हणून भिंतीवर एक फळी कायमची बसवावी आणि वस्तू त्या फळीवर लावावी. मसाल्यांची मांडणी असो, लहान शेल्फ असो किंवा देव्हारा, रीत तीच. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना प्रवासातही छोटा देव्हारा हवा असतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. मूर्तींसह तीन-चार किलोच्या देव्हाऱ्यासाठी पॉप्लर लाकडाची १ बाय ४ म्हणून विकली जाणारी फळी घ्यावी. तिचे खरे माप पाऊण इंच बाय साडेतीन इंच असते. लांबी अशी ठेवावी की ती निदान दोन पट्ट्यांवर किंवा नळ्यांवर टेकेल. कडा काचपेपरने गोल कराव्यात आणि पुढच्या बाजूला व कडांना वॉर्निश द्यावे. मागची बाजू कोरी ठेवावी, कारण सरस कोऱ्या लाकडालाच नीट धरतो.

आता खरे कौशल्याचे काम. सरस थेट विनाइलच्या कागदावर लावला तर तो कागदाला धरतो, लुआनला नाही, आणि पुढे वजनाने कागदच सोलून निघतो. म्हणून फळी पाणसळीने सरळ धरून तिची बाह्यरेषा पेन्सिलने काढावी, त्या रेषेच्या आत सुमारे ५ मिलिमीटरवर धारदार युटिलिटी नाइफने फक्त कागद कापावा आणि तेवढा तुकडा सोलून काढावा. हात अलगद असावा. पाते लुआनचा वरचा थर कापून गेले तर तेथेच भिंत कमजोर होते. सोललेल्या जागी ८० नंबरचा काचपेपर फिरवून धूळ पुसावी. फळीच्या मागे पीएल प्रीमियमसारख्या पॉलियुरेथेन कन्स्ट्रक्शन ॲडेसिव्हची नागमोडी रेघ ओढावी, पण कडेपासून अर्धा इंच आत, म्हणजे दाबल्यावर तो बाहेर ओघळणार नाही. चिकटवलेल्या थरांच्या भिंतीत सरसाचा हा प्रकार निवडण्याला एक खास कारण आहे: सॉल्व्हंटवर आधारलेले काही सरस थर्मोकोलला वितळवतात, आणि ते एखाद्या भोकातून आत उतरले तर भिंतीच्या पोटातच खड्डा पडतो.

फळी जागेवर दाबून दोन्ही टोकांना सांगाड्यात स्क्रू घालावेत. हे स्क्रू पाऊण इंच फळी आणि १/८ इंच लुआन ओलांडून लाकडात सुमारे एक इंच शिरतील इतके, म्हणजे दोन इंचांच्या आत असावेत. ॲल्युमिनियमच्या नळीसाठी सव्वा इंची पुरतात. फळीच्या मधल्या भागावर समोरच्या भिंतीपासून एखादी काठी टेकवून हलका दाब ठेवावा, मात्र काठीचे दुसरे टोक समोरच्या लुआनवर थेट न टेकवता तेथेही फळीचा तुकडा घालावा. चोवीस तास हात लावू नये.

सुकल्यानंतर देव्हारा या फळीवर अर्ध्या इंचाहून जरासे जास्त, पण पाऊण इंचाहून कमी शिरणाऱ्या स्क्रूंनी बसतो. स्क्रू भिंतीच्या पोकळीत जातच नाही, त्यामुळे तारेची, पलीकडच्या पत्र्याची चिंता तेथे उरत नाही, आणि पुढे देव्हाऱ्याऐवजी दुसरे काही लावायचे झाले तर भिंतीला नव्याने भोक पडत नाही. गाडी चालू असताना मूर्ती काढून कापडात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. निरांजन भिंतीवरच्या देव्हाऱ्यात न लावता बॅटरीचा दिवा लावावा. पातळ लुआन सहज पेट घेते.

दोन खोल्यांमधल्या भिंतीच्या पलीकडे कपाटाची आतली बाजू येत असेल, तर आरपार बोल्ट घालून पलीकडे अर्ध्या इंची प्लायवूडचा तुकडा आणि रुंद वॉशर देणे याहूनही मजबूत ठरते. फक्त भिंत पोकळ असल्याने बोल्ट आवळताना ती दोन्हीकडून आत दबते. बोल्टभोवती भिंतीच्या आतल्या पोकळीइतकीच लांब धातूची नळी घातली की दाब त्या नळीवर येतो.

पोकळीत धरणारे नट

ड्रायवॉलसाठी मिळणाऱ्या प्लास्टिकच्या स्वतःच फिरत जाणाऱ्या अँकरना धरायला जाड, मऊ पदार्थ लागतो. १/८ इंचाच्या लुआनमध्ये ते लवकरच डुगडुगू लागतात. आवळल्यावर भिंतीमागे पसरून धरणारे नेहमीचे मॉली बोल्टही जाड भिंतीसाठी असतात. पोकळ दारांसाठी बनवलेले आखूड मॉली किंवा जॅक नट मात्र १/८ इंचाला घट्ट धरतात, म्हणून पाकिटावरचा पकडीच्या जाडीचा आकडा वाचल्याशिवाय खरेदी करू नये. वेल नट हा मला यांत सर्वांत पसंत. रबराच्या नळीत पितळेचा नट बसवलेला असतो आणि बोल्ट आवळला की रबर मागे फुगते. ते हादरे शोषून घेते, त्यामुळे बोल्ट सहसा आपोआप सैल होत नाही. थर्मोकोलच्या भिंतीत रबराला फुगायला जागा नसते. तेथे भोकातून वाकवलेली तार फिरवून मागचा थर्मोकोल थोडा कोरून काढावा लागतो. स्प्रिंगच्या पंखांचे टॉगल बोल्ट इंचभर पोकळीत उघडतच नाहीत, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये.

चिकटपट्ट्या

थ्री-एमच्या कमांड पट्ट्यांसाठी कंपनी १० ते ४० अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगते. ॲरिझोनात उन्हाळ्यात बंद ट्रेलर याच्या कितीतरी वर तापतो, म्हणून तेथे या पट्ट्यांवर काचेची वस्तू टांगू नये. त्याच कंपनीचा दोन्ही बाजूंनी चिकटणारा व्हीएचबी टेप अधिक भक्कम असतो, पण तोही शेवटी कागदालाच धरतो. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून पुसावी, टेप जोराने दाबावा आणि पूर्ण पकड यायला ७२ तास द्यावेत.

टीव्ही

कारखान्याने टीव्हीसाठी जागा ठेवली असेल तर तेथे भिंतीच्या आत जाड प्लायवूड किंवा धातूची पट्टी घातलेली असते. मॅन्युअलमध्ये किंवा विक्रेत्याकडून तिची नेमकी लांबी-रुंदी विचारून घ्यावी, कारण तिच्या बाहेर इंचभरही पडलेला स्क्रू निव्वळ लुआनमध्ये असतो. अशी जागा नसेल तर दोन पट्ट्यांवर टेकणारी पाऊण इंची प्लायवूडची मोठी आधारफळी आवश्यक समजावी. ब्रॅकेट प्रवासात कुलूपबंद होणारा घ्यावा. कच्च्या किंवा उखडलेल्या रस्त्यावर जायचे असेल, तर टीव्ही काढून पलंगावर गोधडीत ठेवणे हेच शहाणपणाचे.

पहिल्या प्रवासानंतर

नवीन वस्तू बसवल्यावर ती आधी हाताने दोन्ही दिशांना ओढून पाहावी. पहिल्या शंभर मैलांनंतर थांबून प्रत्येक स्क्रू तपासावा. सैल झालेला स्क्रू नुसता पुन्हा आवळण्यापूर्वी तो का सैल झाला हे पाहावे. लाकडातले आटे गेले असतील तर भोकात लाकडाचा सरस लावलेल्या टूथपिक ठासून, सुकल्यावर कापून, पुन्हा स्क्रू घालावा. थर्मोकोलच्या भिंतीत बोटीच्या दुरुस्तीतली युक्ती चालते: वाकवलेला खिळा भोकात फिरवून आतला थर्मोकोल इंचभर रुंद कोरावा, पोकळी घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरावी आणि ती कडक झाल्यावर तिच्यात नवे भोक पाडावे. इपॉक्सीने थर्मोकोल वितळत नाही. धातूच्या बोल्टना निळे थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारे द्रव, लावता येते, पण ते प्लास्टिकच्या भागांवर सांडू देऊ नये, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

वस्तूची जागा बदललीच, तर बारीक भोके भिंतीच्या रंगाच्या मेणाच्या कांडीने बुजवता येतात आणि मोठी भोके स्क्रूच्या टोपणांनी झाकता येतात. बाहेरच्या भिंतीतले एकही भोक उघडे सोडू नये. स्वयंपाकाची आणि श्वासाची वाफ त्यातून आत जाते आणि थंड पत्र्यावर तिचे पाणी होते. चिकटवलेली आधारफळी मात्र काढायला गेल्यास लुआनचा थर सोबत घेऊनच निघते, म्हणून तिची जागा ठरवताना पुढच्या मालकाचाही विचार करावा आणि ती शक्यतो अशा उंचीवर लावावी, जेथे कोणालाही एखादी मांडणी किंवा हूकांची रांग लावावीशी वाटेल.